चवथ २०२१: डोस झाले, आता मूळ घरी जमायचं तर कसं?

फोंडेकरीण | २१ ऑगस्ट २०२१, रात्री ९:४०

चवथ १० सप्टेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांवर आली. आमचा दीड दिवसाचा गणपती, मूळ घर फोंडा तालुक्यात. एरवी पणजी, मडगाव, वास्को, बेळगाव, पुणे असे सगळे भाऊबंद तयेच्या, म्हणजे आदल्या, दिवशीच येऊन पडतात. घरात पाय ठेवायला जागा नसते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. गेल्या वर्षी मूळ घरात राहणाऱ्या दोन कुटुंबांनीच पूजा केली, बाकीच्यांनी मोबाइलवर आरती बघितली.

यंदा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूर असा, की आता सगळ्यांचे कोविडच्या लशीचे डोस झालेत, मग कसली भीती? सगळ्यांचे म्हणजे नक्की कोणाचे ते मी काल बसून लिहून काढलं. सासूबाई आणि त्यांच्या पिढीतले सगळे, कोविशील्डचे दोन्ही. आम्ही पंचेचाळिशीपुढचे, दोन्ही. पुतणे, भाचे, त्यांच्या बायका: बहुतेकांचा एकच. मुलं: शून्य. एका दिरांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं आहे. त्यांचे दोन्ही झाले, पण त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की लस घेतलीच नाही असं समजून वागा. आणि एक जाऊबाई लस घ्यायलाच तयार नाहीत.

मे महिन्यात गोव्यात काय झालं ते इथे कोणाला सांगायला नको. तपासलेल्या दर दोघांतला एक पॉझिटिव्ह निघत होता. आमच्या घरातलं एक माणूस त्यात गेलं. त्यामुळे "काही होत नाही" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. "यंदाही नकोच" म्हणणाऱ्यांचाही येतो, कारण सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि पुढची चवथ बघायला मिळेल की नाही हे त्या स्वतःच जेवताना बोलून दाखवतात.

मला "जा" किंवा "जाऊ नका" असं उत्तर नकोय. जायचं ठरलंय असं धरून चाला. आरती, पंगत, रात्रीची झोप आणि मुलं, एवढ्यांत अडलंय. कोणी काय ठरवलंय?

---

भरतीओहोटी | २१ ऑगस्ट, रात्री १०:०५

वाचतेय. आमच्याकडेही हेच चाललंय, फक्त जाऊबाईंच्या जागी सासरे आहेत.

---

निवांत पेडणेकर | २१ ऑगस्ट, रात्री १०:३१

एवढा काथ्याकूट कशाला? लस घेतली ती याचसाठी ना? दोन डोस घेऊनही मास्क लावून चवथ करायची तर सुई टोचून घेतली कशाला? आम्ही यंदा जोरात करणार. बाप्पा बघून घेईल.

---

गावचा डॉक्टर | २२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, आता गावात दवाखाना. पेडणेकरांचा प्रश्न रोज ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लशीकडून आपण दोन वेगळ्या अपेक्षा एकाच दमात करतो. एक म्हणजे मला गंभीर आजार होऊ नये. दुसरी म्हणजे मला लागणच होऊ नये, म्हणजे माझ्याकडून कोणाला जाणार नाही. पहिल्या बाबतीत लस फार चांगली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दुसऱ्या लाटेतल्या आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. दोन डोस झालेल्यांना रुग्णालयात भरती होण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि आयसीयूपासून ९४ टक्के संरक्षण मिळालं. लागण होण्यापासून मात्र ६५ टक्के. ब्रिटनचे डेल्टा या विषाणूच्या नव्या अवताराविरुद्धचे आकडे याच वळणाचे आहेत. कोविशील्ड म्हणजे तिकडची अॅस्ट्राझेनेका. तिच्या एका डोसने लक्षणं असलेल्या आजारापासून सुमारे ३० टक्के संरक्षण, दोन डोसांनी ६७.

म्हणजे फोंडेकरीणताईंचा दोन डोसवाला नवरा स्वतः बहुधा सर्दीतापावर सुटेल. पण त्याच्यापासून त्याच्या भावाला लागण झाली, तर त्या भावाला हा आकडा लागू नाही. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं जन्मभर चालतात. अमेरिकेत अशा रुग्णांची तपासणी केली तेव्हा दोन डोसांनंतरही जवळपास निम्म्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडलीच नाहीत. (तिथल्या लशी वेगळ्या, पण औषधं तीच.) म्हणूनच १२ ऑगस्टला तिथे अशांसाठी तिसऱ्या डोसला परवानगी मिळाली. आपल्याकडे ती सोय अजून नाही.

माझ्या मते घरातलं सगळ्यात नाजूक माणूस कोण ते आधी ठरवा आणि चवथीची मांडणी त्या माणसाकडे बघून करा. कोणाचे किती डोस ही यादी त्यानंतर.

आणखी एक. लस झालेल्यांत हा आजार साध्या सर्दीसारखा येतो: नाक गळतं, शिंका, डोकं दुखतं, घसा खवखवतो. वास जायची वाट बघू नका. चवथीला पाऊस असतोच, "पावसात भिजलो, साधी सर्दी आहे" म्हणणारा दर घरी एक असतोच, आणि तो नेमका आरतीला पुढे उभा असतो. त्याला प्रेमाने घरीच ठेवा.

---

हिशेबनीस | २२ ऑगस्ट, सकाळी ९:०२

तारखांचं गणित मांडतो, कारण ग्रुपवर लोक "डोस झाले" म्हणतात तेव्हा त्यात बरंच काही मिसळलेलं असतं.

दुसऱ्या डोसानंतर १४ दिवस गेले की संरक्षण पूर्ण धरतात. १० सप्टेंबरला ते हवं असेल तर दुसरा डोस २७ ऑगस्टपर्यंत झालेला हवा. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवस, म्हणजे पहिला ४ जूनपर्यंत. ज्याचा पहिला ५ जूनला किंवा नंतर झाला, तो चवथीला अर्ध्या वाटेवरच असणार, कितीही घाई केली तरी. कोवॅक्सिनवाल्यांचं अंतर ४ ते ६ आठवडे, त्यामुळे त्यांच्यातले जूनवालेही पूर्ण झाले असतील.

अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना देशभर परवानगीच १ मेपासून मिळाली, आणि १३ मेला अंतर १२ ते १६ आठवडे झालं. तरुण मंडळी मागे राहिली ती आळसामुळे नव्हे. आणि चवथीला कामाला, धावपळीला, सगळ्यांच्या पाया पडायला तीच पुढे असतात.

---

निवांत पेडणेकर | २२ ऑगस्ट, सकाळी ९:४०

डॉक्टर, तुमचा मान राखून विचारतो. अमेरिकेत जुलैत एका गावी लोक जमले, ४६९ जणांना झाला, त्यातले ७४ टक्के दोन्ही डोसवाले. हा आकडा माझ्या मेव्हण्याने पाठवला. मग लशीचा उपयोग काय? आणि तिथलं सरकार मे महिन्यात मास्क काढा म्हणालं, जुलैत परत लावा म्हणालं. कोणावर विश्वास ठेवायचा?

---

गावचा डॉक्टर | २२ ऑगस्ट, दुपारी १:२०

आकडा खरा आहे. मॅसॅच्युसेट्समधलं प्रॉव्हिन्सटाउन. तुमच्या मेव्हण्यांनी पुढची ओळ पाठवली नाही: त्या ४६९ मध्ये रुग्णालयात पाच जण गेले, मृत्यू एकही नाही. आपल्या मे महिन्याशी ताडून बघा.

आता ७४ टक्क्यांचं. जिथे जवळपास सगळे लसवाले, तिथे आजारी पडणाऱ्यांतही लसवालेच जास्त दिसणार. ज्या घरात सगळे शाकाहारी, त्या घरातल्या प्रत्येक तापवाल्याने भाजीच खाल्लेली असते.

नियम बदलले हे खरं. ८ मार्चला त्यांनी सांगितलं की दोन्ही डोसवाल्यांनी घरात आपापसात मास्कशिवाय भेटायला हरकत नाही, १३ मेला जवळपास सगळीकडेच सूट दिली, २७ जुलैला मागे घेतली. मधल्या काळात डेल्टा आला. विषाणू बदलला तर सल्ला तोच ठेवायचा का? मला तरी त्यात लबाडी दिसत नाही. पण एक कबूल: ज्याला एकदा "मास्क काढा" सांगितलं त्याला परत "लावा" सांगणं फार कठीण. आपल्याकडे तसं स्पष्ट "काढा" कोणी म्हणालंच नव्हतं, लोकांनी आपणच काढले.

---

वारापाऊस | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

कारखान्यांच्या वायुवीजनाचं काम करतो, वेर्णा वसाहतीत. मी हवेचं तेवढं बोलतो.

जागतिक आरोग्य संघटनेने यंदा ३० एप्रिलला कुठे स्पष्ट शब्दांत लिहिलं, की गर्दीच्या, हवा न खेळणाऱ्या बंद जागेत हा विषाणू हवेत राहून लांबवर जातो. तोवर वर्षभर आपण नारळ सॅनिटायझरने पुसत होतो. म्हणून चवथीची मांडणी हवेकडे बघून करा.

जुन्या गोव्याच्या घराची बांधणी याबाबतीत शहाणी आहे. मधे राजांगण (घरातला उघडा चौक), वर कौलं, समोरासमोर दारं. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. घोळ आपण घातला. वसरीला (ओसरीला) फॉल सीलिंग केलं, राजांगणावर पत्रे टाकले, खिडक्यांना सरकत्या काचा बसवल्या. आणि पाऊस आला की पहिली गोष्ट काय करतो? खिडक्या लावून घेतो. तुमचं घर यातलं कुठलं ते बघा.

छताचा पंखा हवा नुसती ढवळतो, बाहेर काढत नाही. उभा पंखा खिडकीपाशी तोंड बाहेर करून ठेवा आणि समोरचं दार उघडं ठेवा, म्हणजे तो आतली हवा ओढून फेकतो. दोन खोल्यांना दोन पंखे पुरतात.

कोणी कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला तर उत्तम. बाहेरच्या हवेत ४१५ पीपीएमच्या (दहा लाखांत ४१५ भाग) आसपास असतो. खोलीत ८०० च्या खाली राहिला तर हवा बरी खेळतेय, हजाराच्या वर गेला की लोक एकमेकांचा श्वास ओढतायत असं समजा. मात्र देवासमोर समया आणि कापूर जळत असताना मीटर उगाच चढतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. मीटर नसेल तर उदबत्ती लावा आणि धुराकडे बघा. खोलीत लोंबकळत राहिला तर खिडकी उघडा.

आणि झोप. सगळे पंगतीला घाबरतात. पंगत अर्ध्या तासाची, रात्र आठ तासांची. एका खोलीत ओळीने गाद्या टाकून, दार लावून, डासांसाठी खिडकी बंद करून झोपणं, चवथीतली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच. पणजीवाल्यांनी रात्री पणजीला परत जावं, तासभराची तर वाट. पुण्याहून आलेल्यांना वेगळी खोली, एका कुटुंबाला एक.

---

भरतीओहोटी | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

नारळ पुसण्यावरून. आमच्याकडे गेल्या वर्षी माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीची) सगळी फळं साबणाच्या पाण्यात बुडवून मग टांगली होती. कांगला, आटकं, माट्टुली, सगळं. दोन दिवसांत काळी पडून टपाटपा गणपतीवर!

---

गावचा डॉक्टर | २२ ऑगस्ट, रात्री ८:००

माटोळीला सोडा बिचारीला. पृष्ठभागावरून लागण होण्याची शक्यता अगदी कमी आहे, एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ती सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी धरली. जेवणाआधी हात धुवा, ते तसेही धुवायचेच असतात.

---

घुमटवाला | २३ ऑगस्ट, सकाळी ११:१०

आमचा घुमट आरतीचा गट आहे, डिचोली तालुक्यात. चवथीत घरोघरी जातो. आरती पाऊण तास तर होतेच, रंगली तर त्याहून जास्त. घुमट (मातीचं चर्मवाद्य), शामेळ, कासाळें ही वाद्यं, आणि सगळे बसून पोटातून गाणार. गेल्या वर्षी एकही घर केलं नाही. यंदा बोलावणी यायला लागली आहेत. गटातल्या अर्ध्यांचा एकच डोस. नाही म्हणायला जीव होत नाही, हो म्हणायलाही होत नाही.

---

गावचा डॉक्टर | २३ ऑगस्ट, दुपारी २:०५

गाण्याबाबत मी सगळ्यात कडक आहे. मार्च २०२०, अमेरिकेतली स्कॅजिट काउंटी. गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव, ६१ जण हजर, त्यात एकाला सर्दीसारखी लक्षणं. ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. तेव्हा लस नव्हती हे खरं, पण डेल्टाही नव्हता. मोठ्याने गाताना माणूस बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण हवेत सोडतो, आणि शेजारचा तितकाच खोल श्वास ओढतो.

पण वाजवण्यात धोका नाही. घुमटात कोणी फुंकत नाही.

---

घुमटवाला | २३ ऑगस्ट, दुपारी ३:३०

हे आधी सुचलं नव्हतं. म्हणजे गाणारे दोघेच, दोन डोसवाले, बाकीचे मास्क लावून वाजवणार. ध्रुवपदाला सगळ्यांनी तोंड उघडायची सवय मोडायला सराव लागेल, पण जमेल. आणि घरात न बसता अंगणातल्या माटवात (मांडवात) बसू. उघड्यावर आवाज मरतो, तरी बघू.

---

पळीपंचपात्र | २३ ऑगस्ट, रात्री ९:१५

मी भट. धाग्यात माझा विषय कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. चवथीच्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत आम्ही घरामागून घर करतो. एका माणसाने इतक्या घरांत जाणं एरवी पुण्याचं, यंदा विचार करण्यासारखं.

माझे दोन्ही डोस झालेत. प्रमाणपत्र मागितलंत तर राग नाही, उलट मागा. मास्क लावून मंत्र म्हणतो, दम लागतो, पण म्हणतो. माझी अपेक्षा एवढीच: पूजेला यजमान दांपत्य समोर बसावं, बाकीच्यांनी पडवीत किंवा अंगणात थांबावं. देवाच्या खोलीत खिडकी असेल तर उघडावी. तिथे बहुधा पेटारा रचलेला असतो, तो आजच हलवा. म्हाताऱ्या माणसांनी प्रार्थनेपुरतं आत यावं. पूजेनंतर "भटजी, जरा बसा, चहा घ्या" नको. चहा मीही टाळतो, तुम्हीही आग्रह करू नका.

यंदा घरं कमी केली आहेत. ज्यांच्याकडे वयस्क किंवा आजारी माणसं आहेत ती घरं सकाळी पहिली घेणार, म्हणजे दिवसभरात इतर घरांतून काही उचलायच्या आधी.

---

गावचा डॉक्टर | २३ ऑगस्ट, रात्री १०:००

भटजी, नमस्कार. तुमच्यासारखा विचार सगळ्यांनी केला तर माझा दवाखाना ओस पडेल. एवढंच सांगतो, सकाळी पहिल्या घरात काही मिळालं तरी दुपारच्या घराला तुम्ही ते देत नाही. लागण झाल्यावर माणूस पसरवायला लागेपर्यंत साधारण दोनतीन दिवस जातात. त्यामुळे घरांच्या क्रमापेक्षा आधीच्या आठवड्यात तुम्ही कुठे कुठे गेलात ते महत्त्वाचं. चवथीआधीचे पाचसहा दिवस लग्न-मुंजीची, बंद हॉलमधली कामं घेऊ नका. नाजूक घरं आधी घ्यायचीच असतील तर जरूर घ्या, सकाळी त्या घरात पाहुणे कमी असतात हा फायदा आहेच.

हाच नियम पाहुण्यांना. पुण्याहून येणाऱ्याने येण्याआधीचा आठवडा जपून काढला, तर त्याने मूळ घरी मास्क सोडल्याने तितकं बिघडत नाही.

---

दूधसागर | २४ ऑगस्ट, सकाळी ८:२०

फोंडेकरीणताई, मी तुमच्या दिरांच्या जागी आहे. माझं प्रत्यारोपण काही वर्षांपूर्वी झालं. म्हणून आतल्या बाजूने लिहितो.

दीड वर्ष आम्हाला घरी बसवून बाकीचे जमतात. फोटो पाठवतात, वर "तू असतास तर मजा आली असती." वाईट हेतू नसतो, पण काळजी म्हणजे त्यांच्या लेखी मला वगळणं. मला माझी वेळ द्या. गेल्या महिन्यात घरच्या एका कार्याला भावाने सकाळी सातची वेळ फक्त मला दिली. घर रात्रभर उघडं ठेवलं होतं, आत दोघंच, दोघांना मास्क. मी एन-९५ लावून देवाला नमस्कार केला, आईजवळ राजांगणात बसलो आणि बाकीचे यायच्या आत निघालो. जेवण घरी डब्यातून आलं. मला कुठे कमी वाटलं नाही.

दिरांना विचारा, त्यांच्यासाठी परस्पर ठरवू नका.

---

फोंडेकरीण | २४ ऑगस्ट, सकाळी ८:५५

दूधसागर, देव बरें करूं. आजच फोन करते.

---

चहाची टपरी | २४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

लस न घेणाऱ्या जाऊबाईंना सरळ सांगा, लस नाही तर चवथ नाही. एकीसाठी सगळ्यांनी भ्यायचं का?

---

भरतीओहोटी | २४ ऑगस्ट, सकाळी ११:०५

बोलणं सोपं. आमच्याकडे लस न घेणारे सासरे घरातच राहतात, त्यांना कुठे बाहेर काढायचं? आणि त्यांची भीती मूर्खपणाची नाही. त्यांच्या मित्राला लसीनंतर आठवड्याने हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. मी वाद घालून दमले. शेवटी त्यांचे नेहमीचे वैद्य त्यांना म्हणाले, "मी घेतली, तुम्हीही घ्या", आता विचार करतायत. आमच्या म्हणण्याला इतक्या महिन्यांत शून्य किंमत होती!

---

संपादक | २४ ऑगस्ट, दुपारी १२:००

यापुढचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. लस घ्यावी की नाही हा या धाग्याचा विषय नाही.

---

हिशेबनीस | २५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही. २० तारखेला झायडसच्या लशीला बारा वर्षांपुढच्यांसाठी आपत्कालीन परवानगी मिळाली, पण ती चवथीच्या आत आपल्या दारी येणार नाही. मुलांना स्वतःला बहुधा सौम्यच होतो. अडचण अशी, की ती आजीच्या मांडीवरून उठून काकांच्या मांडीवर बसतात. आम्ही फुगड्या, खेळ, फटाके सगळं अंगणात ठेवतोय. नमस्कार लांबून, पाय धरून नाही. मिठी वर्षभर साठवलेली आहे, तिचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही.

दुसरं, घरी करायची चाचणी. पुण्याच्या मायलॅबची कोविसेल्फ, २५० रुपये, नाकातला नमुना, पंधरा मिनिटं. औषधांच्या दुकानात मिळते. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने सकाळी करून यावं असं आम्ही ठरवतोय.

---

गावचा डॉक्टर | २५ ऑगस्ट, दुपारी १:४५

करा, पण तिच्या मर्यादा ओळखून. आयसीएमआरने (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने) ती लक्षणं असलेल्यांसाठी आणि बाधिताच्या संपर्कात आलेल्यांसाठी सुचवली आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. पॉझिटिव्ह आली तर पक्की समजा आणि घरी राहा. निगेटिव्ह आली तर एवढंच कळतं, की या घटकेला विषाणू फार नाही किंवा चाचणीला सापडला नाही. नाक गळतंय आणि चाचणी निगेटिव्ह, तरी येऊ नका. निगेटिव्हच्या जोरावर खिडक्या लावून घेणारे मी पाहिले आहेत.

मिठीचं: दोघांना मास्क, दोघांची तोंडं विरुद्ध बाजूंना, बाहेर अंगणात, आणि लवकर सोडा. आजीला माझं नाव सांगा.

---

फोंडेकरीण | २९ ऑगस्ट, रात्री १०:१५

आमचं ठरलं, ते लिहिते. सकाळी सात ते साडेआठ फक्त दीर, वहिनी आणि सासूबाई. त्यानंतर पूजा, भटजींनी सांगितलं तशी. पंगती अंगणात माटवाखाली, आडोशाचं पालवण चारी बाजूंनी न लावता दोनच बाजूंनी, म्हणजे वारा येईल. एका पंगतीत एकाच घरातले शेजारी शेजारी. वाढणाऱ्यांना मास्क. गाणारे दोघेच. पणजी-मडगाववाले रात्री परत. लस न घेतलेल्या जाऊबाईंनी आपणहून स्वयंपाकघराऐवजी अंगणातली चूल मागितली, भांडण न होता सुटलं. खतखतें (मिश्र भाजी) चुलीवरचं, कोणाची हरकत असणार?

एका सासऱ्यांना आरती छोटी करण्याचा भयंकर राग आलाय. चालायचंच.

---

निवांत पेडणेकर | ३० ऑगस्ट, सकाळी ९:००

आमच्याकडेही माटव घालायचं ठरलं. बायकोने हा धागा वाचला. मी काही बोलत नाही.

---

फोंडेकरीण | १९ सप्टेंबर २०२१, रात्री ८:३०

आठवडा उलटून गेला म्हणून लिहायला बसले.

एक पुतण्या तयेच्या सकाळी नाक गळतंय म्हणाला. चाचणी केली, पॉझिटिव्ह. तो आणि त्याची बायको पणजीतच राहिले. एकच डोस झालेला, दोन दिवस ताप, आता बरा आहे. एरवीसारखा आला असता तर तयेच्या रात्री सासूबाईंच्या शेजारच्या खोलीत झोपला असता.

दीर सात वाजता आले, नऊ वाजले तरी हलेनात. सासूबाई आणि ते राजांगणाच्या कडेला बसून भांडत होते, जमिनीवरून. कोणी उठवलं नाही. बाकीच्यांना फाटकाबाहेर थांबवून ठेवलं.

सगळं काही ठरल्याप्रमाणे झालं नाही. दुपारी दुसऱ्या पंगतीला असा पाऊस आला, की माटवातून पाणी पानांत. सगळे पानं उचलून वसरीत पळाले. वारापाऊस यांनी सांगितल्याप्रमाणे पंखे खिडकीत बाहेर तोंड करून होते, खिडक्याही लावू दिल्या नाहीत. कडेचे भिजले, जेवले. आरतीला शेवटी सगळे गायलेच, दोघांवर थांबलं नाही. पण ते अंगणात होतं आणि पंधरा मिनिटांचं होतं.

आजपर्यंत तरी घरात आणखी कोणाला काही नाही. नियमांमुळे की नशिबाने, ते सांगता येणार नाही.

---

भरतीओहोटी | १९ सप्टेंबर, रात्री ९:१०

आमच्याकडेही सगळे ठीक. सासऱ्यांनी पहिला डोस घेतला, परवा.

वारापाऊस, एक विचारायचंय. नोव्हेंबरात पुतणीचं लग्न आहे, मडगावात, एसी हॉल ठरलाय. तिथे उभे पंखे कुठे लावू?

---

वारापाऊस | १९ सप्टेंबर, रात्री ९:४५

आधी हॉलवाल्याला विचारा, एसी बाहेरची ताजी हवा किती घेतो. भिंतीवरचे स्प्लिट असतील तर ते आतलीच हवा गार करून फिरवतात. मग दारं उघडी ठेवून पंख्यांवर भागवा, विजेचं बिल त्याला भरू दे. मध्यवर्ती एसी असेल तर ताज्या हवेची झडप पूर्ण उघडायला सांगा. तो "हो" म्हणेल, तुम्ही स्वतः जाऊन बघा. जेवण बाहेर लॉनवर मिळत असेल तर तेवढे पैसे जास्त द्या. हॉलची लांबी-रुंदी-उंची आणि पाहुण्यांचा आकडा घेऊन नवा धागा काढा, गणित करून देतो.